ऱ्होंडाचं तिसरं वर्ष आणि माझे बूट

...आणि वर लोक मलाच म्हणतात, "शिकतेय ती, तुझं काय जातंय?" अहो, शिकतेय ती, पण शिकतेय कुणावर? तुम्हाला सांगतो, थंडर बे गावात एकतीस वर्षं मी रस्त्यावरचा बर्फ सारायची गाडी चालवतोय, आजवर मला कुणी अभ्यासाला घेतलं नव्हतं! मी केलं काय? कामावरून आलो, दारात बूट काढले. एवढंच!

नाही, मुळापासूनच सांगतो. ऱ्होंडा म्हणजे माझी बायको. मुलं आपापल्या मार्गाला लागली आणि बावन्नाव्या वर्षी हिनं मानसशास्त्राच्या पदवीला नाव घातलं. म्हटलं, घाल बाई! मला वाटलं एकच विषय असेल... कसला एक? दर सहा महिन्यांनी नवी शाखा, आणि शाखा कुठलीही असो, पुढ्यात मीच!

आधी मनोविकारांची शाखा झाली, तेव्हा नाताळपर्यंत मला चार आजार निघाले. म्हटलं, "अगं, मी गप्प बसतो म्हणजे दमलेला असतो." तर मान हलवत म्हणते कशी, "नाकारणं हेही लक्षणच असतं, आर्वो." घ्या! मग सामाजिक मानसशास्त्र. त्यात मला लिफ्टमध्ये दाराकडे पाठ करून उभं केलं, लोक काय करतात ते बघायला. लोक काय करणार? माझं तोंड बघत उभे राहिले! त्यात आमचे दाताचे डॉक्टर होते. ते आता माझ्याशी सावकाश आणि मोठ्यानं बोलतात. मग आलं बालमानसशास्त्र. म्हटलं सुटलो, माझी साठी जवळ आली... तर हिनं माझ्या आईला फोन लावला! "आई, हा चालायला कधी लागला?" म्हातारी ब्याऐंशी वर्षांची, पण आवाज खणखणीत, "उशिराच गं! ह्याला सगळंच उशिरा कळतं." तेही हिच्या वहीत उतरलं.

आणि तिसऱ्या वर्षी आलं वर्तनाचं मानसशास्त्र.

आता आमच्या घरात तीस वर्षं एक आरोळी आहे. "आर्वो! बूट!" बर्फाचे बूट दारातल्या ट्रेमध्ये ठेवायचे, हे मला मान्यच आहे, पण दमलेला माणूस काढतो कसे? एक पडतो जिन्यापाशी, एक चुलीपाशी. तर ऑक्टोबरात आरोळी बंद! तीन आठवडे! मला वाटलं, हिचा घसा बसला. मग नोव्हेंबरात एके दिवशी चुकून एक बूट ट्रेमध्ये पडला... चुकून हो... आणि ऱ्होंडा स्वयंपाकघरातून आली, खांद्यावर हात ठेवला, "वा, आर्वो! किती छान ठेवलास!" आणि हातात भट्टीतून काढलेला गोड, गरम बटर टार्ट! दुसऱ्या दिवशी मी दोन्ही बूट ठेवले. टार्ट, आणि गालावर मुका! तुम्हाला सांगतो, सत्तावन्न वर्षांचा माणूस मी, गाडीत बसून गायला लागलो. डेपोतला ब्रूनो म्हणाला, "काय रे, एवढा खूश?" म्हटलं, "बायको!" म्हणाला, "कुणाची?"

असला बेशरम! पण मी रागावलो नाही. मी रोज दाढी करायला लागलो, गावातल्या फिनिश लोकांच्या हॉलमधल्या गुरुवारच्या नाचाला दोघांची नावं घातली. लग्नानंतर नाचलो नव्हतो आम्ही! मला वाटलं, संसार पुन्हा पालवला. आणि मी केलं काय? बूट ट्रेमध्ये ठेवले. एवढंच!

एक डिसेंबरला आलो, बूट ठेवले, उभा राहिलो. काही नाही. खोकलो. ही वाचतेय! बशी रिकामी. मला वाईट वाटलं हो... स्पष्टच सांगतो, फार वाईट वाटलं. म्हटलं, तिच्या वर्गात कुणी भेटला की काय? मग मी बूट पुसून ठेवायला लागलो, नाड्या आत खोचून. तिचेही पुसले. तरी काही नाही!

आणि नवव्या दिवशी हातमोजे शोधायला कपाट उघडलं, तर आत एक पॅड. त्यावर आलेख. 'टप्पा पहिला: काही बोलायचं नाही. टप्पा दुसरा: कौतुक, स्पर्श, टार्ट. टप्पा तिसरा: सगळं बंद.' मुक्यांची तारीखवार नोंद! मी तिथंच पायरीवर बसलो.

"ऱ्होंडा, हे काय आहे?"

"तू संमतीच्या कागदावर सही केली होतीस, आर्वो."

केली होती. सप्टेंबरात, हॉकीचा सामना बघता बघता. मला वाटलं, घराच्या विम्याचा कागद असेल. तर मी रडायचं की हिनं? ही रडायला लागली! "तुझ्यामुळे माझा प्रयोग फसतोय! कौतुक बंद झालं की तू पुन्हा बूट फेकायला हवेस, तरच सिद्ध होतं की फरक कौतुकानं पडला. रेषा खाली यायला हवी, आर्वो! का ठेवतोयस तू ते बूट?"

म्हटलं, "वाटलं... पुन्हा म्हणशील छान ठेवलेस म्हणून."

हे तिनं वहीत लिहिलं नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा!

दुसऱ्या दिवशी, तिचे मार्क जाऊ नयेत म्हणून, मी मनावर दगड ठेवून बूट फेकले. एक जिन्यापाशी, एक चुलीपाशी. ऱ्होंडा दोन्हींकडे बघत राहिली आणि हसायला लागली, "इतकं अलगद कुणी फेकतं का रे?" तिनं कॉलेजात खरीच रेषा दिली, वर राहिलेली. मार्क मिळाले बेताचे. प्राध्यापिकाबाईंचा शेरा: 'रेषा खाली का आली नाही, याचा खुलासा नाही.' घरी येऊन तिनं मला मिठी मारली, म्हणाली, "खुलासा मला ठाऊक आहे." आणि गुरुवारी आम्ही नाचलो! मी तिच्या पायावर दोनदा पाय दिला, तरी म्हणाली, "छान नाचतोस, आर्वो."

काल पुन्हा हातमोजे शोधायला कपाट उघडलं. पॅडला नवा कोरा आलेखाचा कागद लावलेला होता.

मी कपाट बंद केलं. बूट ट्रेमध्ये ठेवले, नाड्या आत खोचल्या आणि उभा राहिलो. एवढंच!