कलाते-सब्जमध्ये कोण कोण राहतं

हॅलो? … हॅलो, यदुल्ला? अरे मी तूबा, तुझी बहीण. … आहेस ना रे तू? लागलंय का कुठं? … सकाळी भूकंप झाल्यापासून लावतेय फोन. इथं बिरजंदमध्येसुद्धा भिंती हलल्या. बाळाला घेऊन आम्ही रस्त्यावरच बसलोय.

… बरी आहे लेक, तिचं राहू दे. आई कुठंय? … अंगणात होती? बरं झालं. … नाही रे, रडत नाहीये. बोल तू.

कलाते-सब्जला मदतवाले आले? … मग कुठं खणतायत? … काझिमच्या घरी? तिथं कशाला? अरे, काझिम मशहदला टॅक्सी चालवतो. त्या घरात कबुतरांशिवाय कोण राहतं? … सात माणसं? कुणी सांगितलं सात?

… हं. … शिरगणतीत.

हो, हो, आहे लक्षात. शहरात गेलेल्या सगळ्यांना कारभारी म्हणून तूच त्या दिवशी गावात बोलावलंस, मटण मीच शिजवलं. मोजून झाले, जेवले, आणि संध्याकाळी आपापल्या गाडीत बसून गेले. … अरे, गाव कागदावर राहावं, दवाखाना राहावा म्हणूनच केलंस, कोण नाही म्हणतंय? पण आज तीच माणसं ढिगाऱ्याखाली शोधतायत ना.

… यानंतर हशमतचं घर? तेही रिकामंच की.

यदुल्ला, ऐक ना. शरीफा कुठंय? … नौरोजची बायको रे, अफगाणिस्तानातली, हेरातची. … दिसली नाही म्हणजे? केशराचे दिवस आहेत. पहाटे फुलं खुडायची आणि पोरांना घेऊन निवडत बसायचं, त्या बागेमागच्या घुमटाच्या खोलीत. … पडली? सगळी? … तू गेलास का तिथं? … लांबून बघितलंस.

आणि नौरोज? … वीटभट्टीवर. त्याला अजून माहीतच नाही.

मग सांग ना त्यांना. … का नाही? … नोंद नाही म्हणजे काय? तूच तर दर वेळी लपवतोस त्यांना. कागद नाहीत, पकडून सीमेपार धाडतील म्हणून. तेव्हा बरोबर केलंस. आज नको लपवू, बाबा.

… टाकतील तर टाकू देत तुरुंगात. डबा मी आणीन. … शाळा बंद होईल? अरे, शाळेत बसतं कोण? तिच्याच तर दोन पोरी.

… मलापण भीती वाटते रे. … त्या साहेबांना दे फोन. तुला नाही जमायचं. दे.

… सलाम साहेब. मी गावच्या कारभाऱ्याची बहीण. काझिमच्या घरात कुणी नाही. हशमतच्याही नाही. … खोटं लिहिलंय ते. का लिहिलं ते मागाहून विचारा, काय शिक्षा द्यायची ती द्या. आधी वर जा. पाण्याच्या कुंडापासून डावीकडे, आंबट लाल झरिश्कांची बाग, तिच्यामागे. … चौघं आहेत. शरीफा, दोन पोरी आणि अंगावर पिणारा अलीजान. … नाही, कुठल्याच कागदावर नाहीत. पण आहेत हो साहेब, रोज आमच्याकडून दही नेतात.

… निघालात? यदुल्लाला घ्या बरोबर. … हो, फोन चालूच ठेवा.

… पोचलात? … फुलं पसरलीत सगळीकडे? तीच खोली. … हाका मारल्या? कुणी मारल्या? … तुम्ही मारल्या, कर्ण्यावरून.

अहो नको. साहेब, नका मारू. तुमच्या आवाजाला ती ओ देणार नाही. सरकारी माणूस आला की पोरांच्या तोंडावर हात दाबून गप्प बसायचं, असं आम्हीच शिकवलंय तिला. ती जिवंत असली तरी गप्प बसेल. … यदुल्लाला मारू द्या हाक. … रडतोय? आवाज फुटत नाही त्याचा?

मग फोनचा आवाज मोठा करा. फटीत धरा. … धरला?

शरीफा? अगं, मी तूबा. आपली तूबा. … ऐक ना. ही माणसं पकडायला नाही आलीत गं. तुला काढायला आलीत. मी सांगितलंय त्यांना तुझं नाव, अलीजानचं नाव, सगळं. आता लपायचं नाही. … शरीफा, ओ दे गं. … ओ नाही देता येत तर अलीजानच्या तोंडावरचा हात काढ. रडू दे त्याला. मोठ्यानं रडू दे.

… शरीफा?

… काय साहेब? तुम्हालाही आलं ऐकू? … हो, हो. एक शब्द नाही बोलत. ठेवते मी फोन. तुम्ही ऐका.