गिऱ्हाईक दत्तूचं

एजंट सगळे लबाड असतात म्हणणाऱ्यांनो, आधी माझं ऐका. किकवीचं रान विकायला मी तीन एजंटांना सांगितलं, तेही तोंडावर: "तुमी तिघं हायसा. जो गिऱ्हाईक पहिल्यांदा आणील, दलाली त्याची."

त्यातला वरव्याचा दत्तू पुण्याच्या एका साहेबाला घेऊन आला. साहेबाने रान पाहिलं, आमच्या वाघ्या कुत्र्याला बिस्किटं घातली, "कळवतो" म्हणाला आणि गेला.

पंधरवड्याने तोच साहेब काळा चष्मा लावून सुरेश एजंटाच्या गाडीतून उतरला. सुरेश दलाली कमी घेतो ना! साहेब मला म्हणतो, "नमस्कार आजी, इकडं पहिल्यांदाच आलो."

पोस्टमनवरही धावून जाणारा वाघ्या शेपटी हलवत आला आणि साहेबाचा खिसा हुंगायला लागला.

सुरेश चकित. "साहेब, आधी आलावता व्हय?"

साहेबाने घाईने खिसा झाकला.

"दत्तूबरोबर आलावता," मी म्हणाले. "आता ह्यास्नी त्याची दलाली बुडवायची हाय. रान पायजे का न्हाई?"

"पाहिजे, आजी."

मी तिथंच मोबाईल लावला. "दत्तू, तुजं गिऱ्हाईक चुकून सुरेशच्या गाडीत बसलंय. ये, उतरवून घे."

सगळ्यात मोठ्यानं हसला तो सुरेशच.