हिंदुरावांनी पाहुण्याच्या गाडीची चाकं घासली त्याची गोष्ट

मंडळी, बसा. पुढं सरकून बसा. मागच्या खांबाला टेकून बसलेल्यांचा डोळा लागतो, आणि लागला की त्यांना वाटतं महाराजच लांबण लावतात.

आजच्या कीर्तनातला प्रश्न साधा आहे. खरं बोलणं चांगलं की वाईट? चांगलं. सगळे म्हणतात चांगलं. मग मला सांगा, खरं बोलणाऱ्या माणसाच्या घरी पाहुणा का येत नाही? त्याची सून त्याच्या पावलाचा आवाज आला की स्वयंपाकघरात का शिरते? तो तर खरंच बोलतो ना. मग बिघडतं कुठं?

ऐका तर.

तासगावच्या अलीकडं एक गाव. तिथं हिंदुराव नावाचे गृहस्थ. सोसायटीत नोकरी केली, निवृत्त झाले. माणूस निर्मळ. वाईट सवय कसली नाही. एकच नाद, स्वच्छता. सकाळी उठून आधी अंगण, मग ओटा, मग मोरी. तांब्याचा बंब असा लखलखीत, की शेजारचा गडी त्यात बघून दाढी करून जाई. आता तुम्ही म्हणाल, महाराज, असा नवरा कुणाला मिळतो? बायकांकडून आवाज आला बघा आत्ता. पण थांबा, त्यांच्या मालनबाईंना विचारा.

हिंदुरावांना डाग दिसला की राहवत नसे. भांड्यावरचा दिसो, नाहीतर माणसावरचा. आणि डाग काढायची रीत दोन्हीकडं एकच. तारेची घासणी आणि जोर.

मालनबाईंचा धाकटा भाऊ निवास. पुण्याला कारखान्यात नोकरी. त्यानं हौसेनं घर बांधलं, वास्तुशांत घातली. बहीण-दाजी मानाचे पाहुणे. पंगत बसायची होती. सासरचे लोक, साहेब लोक, सगळे जमलेले. आणि आमच्या हिंदुरावांनी काय केलं? खिडकीच्या चौकटीवरनं बोट फिरवलं. ते बोट वर धरलं, सगळ्यांना दिसेल असं. आणि निवासच्या बायकोला, सुरेखाला, म्हणाले, "एवढं घर बांधलं नवऱ्यानं. निदान पुसायला तरी शिकायचं होतं माहेरी."

झालं. सुरेखा आत गेली ती जेवणं होईतो बाहेर आली नाही. निवासनं दाजींना गाडीपर्यंत पोचवलं, पण त्यानंतर तो बहिणीच्या दारात आला नाही. दिवाळी गेली, रक्षाबंधन गेलं. मालनबाई डोळे पुसत. हिंदुराव म्हणत, "मी खोटं काय बोललो? धूळ होती की नव्हती?"

होती, मंडळी. धूळ होती. तिथंच तर पंचाईत आहे. खोटं बोलला असता, तर माफी मागून माणूस सुटला असता.

पुढं त्यांच्या मुलीचं, कोमलचं, लग्न ठरलं. आता लग्न म्हटलं की मामा आला. मामाशिवाय नवरीला बोहल्यावर कोण आणणार? पाठीशी कोण उभं राहणार? कोमल बापाला म्हणाली, "आप्पा, मामा आला नाही तर मी एकटी चालत येणार नाही. बसलेल्या ठिकाणी बसून राहीन." लेक कुणाची? त्यांचीच.

मालनबाई स्वतः पुण्याला गेल्या. भावापुढं बसल्या, रडल्या. निवास म्हणाला, "आक्का, तुझ्यासाठी आणि पोरीसाठी येतो. दाजींशी बोलायला लावू नको."

हळदीच्या दिवशी दुपारी निवास आला. नवी गाडी घेऊन आला. पांढरी शुभ्र, आणि चाकं अशी चकाकणारी, अलॉयची. नवरी याच गाडीतून जाणार असं ठरलं. निवासनं दाजींना नमस्कार केला, वाकून केला, पण बोलला नाही. जेवला आणि प्रवासाचा शीण म्हणून माडीवर जाऊन पडला. सुरेखा बायकांत जाऊन बसली.

इकडं हिंदुराव अंगणात एकटे. मेव्हणा आला, पण बोलला नाही. आपण बोलावं तर काय बोलावं? "चुकलं" हा शब्द काही माणसांच्या तोंडी बसतच नाही. पेटीवाले हसताहेत. हसू नका, तुमच्या घरचं मला माहीत आहे.

मग त्यांची नजर चाकांवर गेली. घाट उतरून आलेली गाडी, ब्रेकची काळी पूड चाकांवर बसलेली. हिंदुरावांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, आपल्याला बोलता येत नाही, पण घासता तर येतं. मेव्हण्याची गाडी अशी लखलखीत करू, की उठल्यावर त्याचा राग पळून जाईल.

हेतू किती चांगला बघा. मंडळी, नुकसान करणाऱ्या माणसाचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो.

साबणाच्या पाण्यानं पुसलं. काळं जरा हललं, पण दाजींना जरा चालत नाही. आत गेले आणि मोरीतली ॲसिडची बाटली घेऊन आले. संडासाच्या फरशीवर ओततात ते. चाकं उन्हानं आणि प्रवासानं अजून गरम. ओतलं. फसफस झाली, धूर निघाला, नाकाला झोंबला. हिंदुराव खूश. म्हणाले, "आता कसं बाहेर पडतंय." वरनं तारेची घासणी. एक चाक, दुसरं, तिसरं, चौथं. घाम पुसला आणि पाणी मारलं.

पाणी ओसरलं, तसे हिंदुराव खाली बसले.

काळं गेलं होतं. पण चकाकीही गेली होती. चाकांवर पांढरे ओघळ उतरलेले, कोड फुटल्यासारखे चट्टे, वर घासणीचे ओरखडे. फडक्यानं पुसलं, तेल लावून बघितलं, खोबऱ्याचं. तेल सुकलं की चट्टे पुन्हा वर.

मालनबाई बाहेर आल्या. चाकांकडं बघितलं, बाटलीकडं बघितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "किती मिनतवाऱ्या करून आणलंय हो मी त्याला." आणि तिथंच पायरीवर बसल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता हिंदुरावांनी काय करावं? कबूल करावं? छे. मांडवाला आणलेल्या झेंडूच्या माळा उचलल्या आणि चारी चाकांना गुंडाळल्या. हळदीला आलेली एक म्हातारी थांबून बघायला लागली. म्हणाली, "अरं हिंदुराव, फुलं गाडीच्या तोंडाला बांधत्यात. पायात कशाला घातलीस?"

हिंदुराव म्हणाले, "नवी पद्धत आहे, काकू."

आपली चूक झाकायला माणूस केवढा खर्च करतो फुलांचा. देवाला वाहायला सांगा, म्हणेल महाग झालीत.

तेवढ्यात निवास उतरून आला. माळा बघून त्याला हसू आलं. म्हणाला, "दाजी, हे काय?" वास्तुशांतीनंतरचा पहिला शब्द तो. हसत बोललेला. हिंदुरावांना वाटलं, गप्प राहावं, हे हसू असंच राहू द्यावं. उद्या लग्न होईल, परवा बघता येईल. पण पायरीवर मालनबाई बसलेल्या. त्यांच्याकडं नजर गेली आणि हिंदुरावांनी स्वतःच्या हातानं एका चाकाची माळ काढली.

निवास वाकला. चट्ट्यांवरून बोट फिरवलं. "ॲसिड लावलं?"

"लावलं."

"शोरूमवाल्यानं सांगितलं होतं मला, चाक गार होऊ द्या, साध्या शाम्पूचं पाणी आणि मऊ फडकं. बाकी काही लावू नका. वरचा थर गेला की घासून परत येत नाही." मग आवाज चढला. "तुम्हाला हात लावायला सांगितलं कुणी, दाजी? स्वच्छ केल्याशिवाय तुम्हाला माणूस बघवतच नाही का?"

मांडवातले लोक जवळ सरकले.

हिंदुराव म्हणाले, "मळ होता म्हणून..." आणि मध्येच थांबले. हेच वाक्य आपण कितीदा म्हटलंय, हे त्यांना तेव्हा कळलं. ते उठले. ओल्या हातांनी तसेच परसात गेले, जिथं बायका हळद कालवत होत्या. सुरेखासमोर उभे राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "सुरेखा, वास्तुशांतीला मी चारचौघांत बोट दाखवलं. माझं चुकलं."

सुरेखानं पदर सावरला. मग म्हणाली, "धूळ होती, दाजी. तुम्ही खोटं नव्हता बोलला. मला त्या दिवशी ताप होता. पहाटेपासून उभी होते. खिडक्या तेवढ्या राहिल्या." मग हळूच म्हणाली, "तेवढं विचारलं असतं कुणी, तर बरं वाटलं असतं."

मालनबाईंनी मागून येऊन भावजयीच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी कोमल त्याच गाडीतून गेली. चट्टेरी चाकांच्या. निवासनं चाकांच्या माळा काढून टाकल्या. म्हणाला, "झाकायचं कशाला?" मंगलाष्टकांना भाचीच्या पाठीशी तो ताठ उभा होता. चाकं पुढं पुण्याला नव्यानं रंगवून घ्यावी लागली. रंगवणारा म्हणाला, पहिल्यासारखी होणार नाहीत. नाही झाली. सुरेखाही लगेच पहिल्यासारखी बोलायला लागली असं नाही. पण दिवाळीला आली.

आता मंडळी, हिंदुरावांना हसलात. मी बघत होतो कोण किती हसलं ते. आता जरा आपल्या घरात चला. पोराचे मार्क कमी आले, खरंच कमी आले. सुनेची भाजी खारट झाली, झाली. नवरा विसरभोळा, आहे. मळ खराच आहे हो. पण तुम्ही पाण्यानं सुरुवात करता की थेट बाटलीनं? गरम असताना ओतता, की गार होऊ देता? आणि आधी विचारता का, बाई गं, ताप आहे का तुला?

मळ परत बसतो, परत निघतो. चकाकी एकदाच दिलेली असते देवानं. ती सांभाळून हात फिरवा.

आणि अंगात जोर फारच उरला असेल, तर तो माणसांवर काढू नका. हे हात वर घ्या. टाळी वाजवा आणि नाम घ्या, जितक्या जोरानं घ्याल तितकं थोडंच. इथं काही झिजत नाही.