काकांचा चेक किल्ला

अरे, अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकाचं संपादन माझ्याकडे, म्हणून कुलकर्णी काकांनी चेक देशातल्या किल्ल्यावरचा लेख मलाच दिला. जन्मभर बातमीदारी केलेला मी! विचारलं, "काका, किल्ला आतून कसा आहे?"

काकूच कडाडल्या, "आत गेलोय कुठे? पायथ्याशी बिअर घेत बसलो. तिथे ग्लास संपला की न विचारता दुसरा आणतात. नको असेल तर ग्लासवर पुठ्ठ्याची चकती ठेवायची. पण वाढणाऱ्याला नाही म्हणणं ह्यांना पाप वाटतं! शेवटी किल्ला बंद झाला."

मी भडकलो. "थापा छापणार नाही. खरं लिहा, बिअरवर लिहा!"

काका दचकले. "वेडा आहेस? मंडळात व्यसनमुक्तीची व्याख्यानं मीच देतो!"