सासऱ्यांनी जपलेला पोचा

सासऱ्यांची गाडी न विचारता काढायची म्हणजे काय ताप असतो, ते मला विचारा. सासरे दोन दिवस काटोलला गेले होते, म्हणून मी ती काढली आणि पहिल्याच वळणावर खांबाला घासली. पुढचा दरवाजा चेपला. तडक पोचे काढणाऱ्या डेंटरकडे नेली. म्हटलं, "काही झालंच नव्हतं, असं दिसलं पाहिजे."

"भाऊ, टेन्शन काहून घेऊन राहिले? सासऱ्याले सापडलं तर नाव बदलून टाकीन."

आणि खरंच, दरवाजा आरशासारखा केला त्यानं. सासरे परत आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढच्या दरवाज्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मागच्या दरवाज्याशी मात्र थबकले.

"जवाईबापू, इथला पोचा कुठी गेला?"

"कोणता पोचा?"

"तुमच्या सासूबाईनं गाडी शिकताना गेटले ठोकली होती, तो!"

डेंटरनं माझ्यावर उपकार म्हणून तो जुना पोचाही काढून टाकला होता! मग काय, मी सगळं कबूल केलं. पण खांबाचं त्यांना काहीच नव्हतं.

"बारा वर्षं सांभाळला होता मी तो! हिनं तोंड उघडलं की नुसतं बोट दाखवायचो, गप्प बसायची. आता काय दाखवू?"

सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. आम्ही जेवायला बसलो, तेव्हा त्या तुपाचं भांडं घेऊन आल्या आणि माझ्या पोळीवर धार धरत म्हणाल्या, "जवाईबापू, त्या डेंटरले रविवारी जेवाले बोलवा."