सालोमीबाईंनी हुकूम मोडला

सरकारला तोंडावर नाही कसं म्हणायचं, ते मी पोलादपुरात आमच्या शेजारच्या सालोमीबाईंकडून पाहिलं. त्या नर्स होत्या, धर्माने ख्रिस्ती. आंबेनळीच्या रस्त्यावर खडी फोडणाऱ्यांच्या झोपड्या सरकारी जागेत होत्या म्हणून पाडल्या, तेव्हा बाईंनी ती सगळी बिऱ्हाडं आपल्या प्रार्थनेच्या खोलीत घेतली.

दुसऱ्याच दिवशी झोपड्या पाडून घेणारे सरकारी साहेब हवालदाराला घेऊन हजर. "बाई, यांना बाहेर काढा. तुम्ही खाऊ घातलंत तर ही माणसं हलायची नाहीत. आणि सरकारचं ऐकावं, असं तुमच्याच धर्मात सांगितलंय ना?"

"सांगितलंय," भाकरी थापता थापता बाई म्हणाल्या. "म्हणून तर घरपट्टी कुणी मागायच्या आधी भरते. पण भुकेल्याला हाकललेलं माझ्या देवाला चालत नाही. तिथे मी तुमचं ऐकणार नाही."

"मग अटक करावी लागेल."

"करा की!" बाईंनी पिठाचे हात पुढे केले. "मात्र या पोरांच्या भाकऱ्या मग तुमच्या हवालदारांनी थापायच्या."

साहेबांनी हवालदाराकडे पाहिलं. तो बिचारा घाबरून म्हणाला, "साहेब, मला भाकरी येत नाय."

साहेब जे गेले, ते पुन्हा फिरकले नाहीत.