पगारी शिकाऊ

शिरपूर-धुळे एसटीत माझ्या पुढच्या सीटवर एक सुतार मिस्त्री बसले होते. शेजारच्या बाईंनी त्यांना ओळखलं.

"नासीरभाई, तुमच्या दुकानावर पाटी पाहिली. शिकाऊ पाहिजे, पगार मिळेल."

"हो अक्का. मुलाला पाठवताय का?"

"मुलगा पुण्याला असतो. आमच्या ह्यांना पाठवते."

"ह्यांना? वय काय त्यांचं?"

"रिटायर झालेत. दिवसभर हातात करवत. बठ्ठं घर भुशानं भरलंय. पलंग जरा डुगडुगत होता, तर एक पाय कापला. मग दुसरा लांब वाटायला लागला. आता आम्ही जवळजवळ फरशीवरच झोपतो."

"अक्का, मला सांगितलेलं ऐकणारा पोऱ्या पाहिजे."

"पगार मिळाला की माणूस ऐकतो."

"आणि या वयात पगार काय देऊ त्यांना?"

"तो मी आणून देईन, गुपचूप. तुम्ही फक्त त्यांच्या हातावर ठेवा. फुकट म्हटलं तर यायचे नाहीत, मानी आहेत."

"यात तुमचा काय फायदा?"

"जेवणाचं टेबल वाचेल."

"बरं, उद्या येऊ द्या. नोकरी कुठली होती?"

"आयटीआयला सुतारकामच शिकवायचे. पोरं त्यांना सूतभर सर म्हणायची."



"अक्का, त्या पोरांत मीही होतो."

"अगं बाई! मग तर कामच झालं!"

"परीक्षेला मी स्टूल बनवलं होतं. सर म्हणाले, एक पाय सूतभर लांब आहे. तो कापला. मग म्हणाले, आता दुसरा."

"पण पास केलं ना त्यांनी?"

"केलं. म्हणाले, पाट छान झालाय."